हॅमचं मीठ कोण बघणार?

उद्धवरावांनी हॅम करायचं कबूल केलं तेव्हा हॅम म्हणजे नेमकं काय, हे त्यांना माहीत नव्हतं. ही एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. एकतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल खात्यात काढलेला माणूस. माल काय, नग किती, कुठून कुठं जाणार, हे लिहून घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुठल्या कागदावर सही केली नव्हती. आणि लेकीचा आवाज फोनवर जरा ओला लागला, तर या गृहस्थांनी माल न बघताच पावती फाडली.

इरा ही त्यांची एकुलती एक लेक. दीड वर्षापूर्वी वसईच्या लोपीसांच्या घरी दिली. दिली म्हणजे आपलं म्हणायचं, ठरवलं तिचं तिनंच होतं. जावई आलोक स्वभावानं गरीब, बोलणं मोजकं. ऑगस्टमध्ये त्याचे वडील गेले, आणि दिवाळीनंतर एका दुपारी इराचा नांदेडला फोन आला.

"बाबा, यंदा आमच्याकडं नाताळ करायचाच नाही म्हणतायत. सासूबाई नणंदेकडं जाऊन राहणार आहेत. दरवर्षी पप्पा स्वतः हॅम करायचे ना. आता कोण करणार? आलोक तर त्या विषयावर बोलतच नाही."

"मग या की इकडं!" उद्धवराव बोलून गेले. "हॅमचं काय घेऊन बसलीस? आपल्याकडं करू हॅम."

मग इरा म्हणाली, "खरंच, बाबा?"

"खरंच म्हणजे? मी कधी शब्द फिरवलाय का?"

फिरवला होता. तेच तर दुखणं होतं. लग्नाच्या वेळी वसईला उद्धवराव स्वतःचा डबा घेऊन गेले होते. मटण त्यांना चालतं, पण तिथं मटण कुठलं आणि दुसरं काय कुठलं हे कोण सांगणार? म्हणून चारशे माणसांच्या जेवणावळीत ते एका कोपऱ्यात खुर्ची ओढून, गुडघ्यावर डबा ठेवून ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात बसले. नवरीचा बाप! सौदामिनीबाई लाजेनं तिकडं फिरकल्याच नाहीत. फिरकले ते व्याही, लोपीसबाबा. सूटबूट घातलेला धिप्पाड माणूस, तरुणपणी बोटीवर स्वयंपाकी होता. तो रागावला नाही की काही नाही. खुर्ची ओढून शेजारी बसला आणि म्हणाला, "अर्धी मला द्या की." चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी अर्धी भाकरी खाल्ली. वर म्हणाला, "आता तुम्ही नाताळला आमच्याकडं यायचं. मी हॅम करतो. तुमच्यासाठी वेगळे बटाटे भाजीन, वेगळ्या भांड्यात. भांडं नवं आणीन, मग तर झालं?"

उद्धवराव म्हणाले, "येऊ, येऊ." न जाणारा माणूस म्हणतो तसं. नाताळ आला तेव्हा त्यांनी गुडघा पुढं केला. आठ महिन्यांनी लोपीसबाबाच गेले. गाडीचं तिकीट मिळेना, त्यामुळं उद्धवरावांना मातीलाही पोचता आलं नाही. तेव्हापासून त्यांना जेवताना मधेच तो माणूस आठवे, चटणीनं लाल झालेल्या नाकासकट, आणि घास तिथल्या तिथं राही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सौदामिनीबाईंना तर सांगायची सोयच नव्हती, कारण तो डबा वसईला राहिला होता, आणि तो डबा साधासुधा नव्हता. त्याच्या झाकणावर "सौ. सौदामिनीस, मामाकडून" असं कोरलेलं होतं. वसईचं नाव निघालं की बाई एवढंच विचारत, "आणि माझा डबा?"

हॅम म्हणजे डुकराची मांडी, हे उद्धवरावांना पुण्याच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं. "तीन किलोची आहे काका, हाडासकट. खारवलेली, धुरी दिलेली."

उद्धवरावांनी फोन ठेवला आणि तीन दिवस घरात फार शहाण्यासारखे वागले. स्वतःचं ताट स्वतः उचललं, बाथरूमचा नळ दुरुस्त करून घेतला. चौथ्या दिवशी सौदामिनीबाईच म्हणाल्या, "काय केलंय ते एकदाचं सांगून टाका."

त्यांनी सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. हातातली मेथी निवडून संपवली आणि मग निकाल दिला.

"लेकीला शब्द दिलाय ना? मग आणा. पण माझ्या ओट्यावर नाही, माझ्या गॅसवर नाही, माझ्या भांड्यात नाही, माझ्या फ्रिजमध्ये नाही. आणि मार्गशीर्ष संपल्याशिवाय गल्लीच्या तोंडाशीसुद्धा नाही. माझे गुरुवार चालू आहेत."

आता मार्गशीर्षाची अमावस्या होती तेवीस डिसेंबरला आणि नाताळ पंचवीसला. दुसऱ्या कुणाचे हातपाय गळाले असते. पण वेळापत्रक म्हटलं की उद्धवरावांच्या अंगात निराळंच बळ येतं. त्यांनी कागद घेतला, रेघा मारल्या आणि नामी तोड काढली. पुण्याहून नांदेडला येणारी ट्रॅव्हल्सची गाडी लातूरवरून येते. खोकं बावीसच्या रात्री पुण्याहून निघेल, तेवीसच्या पहाटे लातूरच्या ऑफिसात उतरेल, तिथं दिवसभर राहील, दुपारी त्यातला बर्फ बदलला जाईल आणि संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला येईल. तोवर इकडं मार्गशीर्ष संपलेला! खोक्याला लातूरला एक दिवसाचा मुक्काम देण्याची ही कल्पना त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती शेजारच्या माणिकप्पांना दोनदा समजावून सांगितली.

माणिकप्पा देगलूरकडचे. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी अंड्यालासुद्धा हात लावलेला नाही. खोक्यात काय येणार, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण माणिकप्पांना काही सांगावं लागत नाही.

"जावयासाठी हाय नव्हं? मग मी काय बगितलं न्हाई, काय ऐकलं न्हाई," ते म्हणाले. "पण रस्सा लई पातळ करू नका, साहेब."

एवढ्या मोठ्या आखणीत एकच गोष्ट राहून गेली. मार्गशीर्षाची अमावस्या म्हणजे लातूरकडं येळवस. त्या दिवशी लातूर शहर घराला कुलूप लावतं आणि शेतात जेवायला जातं. डॉक्टर जातो, वकील जातो, चहाच्या टपरीवाला जातो. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. नांदेडात ही गोष्ट माणसाच्या ध्यानात राहत नाही, आणि उद्धवरावांच्या कागदावर तर सणाला रकानाच नव्हता.

तेवीसला सकाळी सहा वाजता त्यांनी बर्फाची आठवण करायला लातूरच्या पार्सल ऑफिसच्या मोबाईलला फोन लावला. व्यंकट नावाच्या पोरसवदा कारकुनानं उचलला. मागून बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

"खोकं आलंय काका, हापिसात ठिवलंय. बर्फ? आज बर्फ कुटला? आज येळवस हाय की!"

"मग संध्याकाळच्या गाडीत कोण टाकणार?"

"आज संध्याकाळी कोण येतंय हापिसात! उद्या मी मामाकडं किल्लारीला चाललोय. परवा रैवार. सोमवारी टाकतो बगा, एकदम पैल्या गाडीत."

सोमवारी म्हणजे सव्वीस तारीख. नाताळ होऊन गेलेला, जावई येऊन गेलेला, आणि उद्धवरावांनी दुसऱ्यांदा शब्द फिरवलेला.

"मी येतो किल्ली न्यायला. तू कुठं आहेस?"

"रेणापूरच्या अलीकडं शेतात हाय. या की, जेवायलाच या!"

बर्फ वितळायच्या आत पोचलं पाहिजे म्हणून उद्धवराव मिळेल त्या एसटीनं निघाले आणि साडेदहाला लातूरला उतरले. सगळं शहर चिडीचूप. पार्सल ऑफिसच्या शटरला कान लावून त्यांनी पाहिलं, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रिक्षा एकही नाही. नाक्यावर उभे राहिले, तर बायामाणसांनी भरलेला एक टेंपो थांबला. "रेणापूरकडं का? बसा की मग," असं म्हणून एका बाईनं त्यांच्या मांडीवर आंबिलाची घागर ठेवली.

घागर मांडीवर आली म्हणजे माणूस त्या घरचा झाला. टेंपो व्यंकटच्या शेताकडं न जाता आधी आपल्या शेतात गेला. तिथं कडब्याची खोपटासारखी कोप, कोपीत पूजा, पूजेनंतर पंगत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे हिरवे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, वर ताकातलं गार आंबिल. आज शेतातून कुणाला न जेवता जाऊ देत नाहीत. उद्धवराव म्हणाले, "घाईत आहे हो." ते लोक म्हणाले, "घाईत तं सगळेच हायेत, बसा." जेवले. तिथून बांधाबांधानं व्यंकटच्या शेताकडं निघाले, तर प्रत्येक बांधावरून हाक. दुसऱ्या शेतात निम्मं जेवले. तिसऱ्या शेतात नुसतं आंबिल म्हणून बसले आणि दोन उंडे पोटात गेले. व्यंकटच्या शेतात पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि पँटचं वरचं बटण उघडं होतं.

व्यंकट धावत आला, पाया पडला आणि म्हणाला, "किल्ली देतो काका, पण आधी दोन घास."

"अरे बाबा, तीन ठिकाणी जेवलोय!"

हे ऐकून व्यंकटची आई, रुक्मिणबाई, कोपीतून बाहेर आली. "तीन ठिकाणी जेवला आन् आमच्यातच न्हाई? आमच्या शेतानं काय घोडं मारलंय?"

उद्धवराव चौथ्यांदा बसले. वाढता वाढता रुक्मिणबाईनं विचारलं, "एवढं काय हाय म्हणावं त्या खोक्यात, की नांदेडाहून पळत आलाव?"

उद्धवरावांच्या हातातला घास तसाच राहिला. समोर पूजा, मांडलेले पाच दगड, चुन्यानं रंगवलेले, त्यांच्यापुढं नैवेद्य. बाईनं मायेनं वाढलेलं ताट. खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना.

"जावयासाठी आहे," ते म्हणाले. "त्याचे वडील गेले यंदा. ते करायचे सणाला. आता मी करणार आहे."

रुक्मिणबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. आत गेली आणि एका किटलीत आंबिल भरून घेऊन आली. "जावयाला द्या म्हणावं, आमच्या येळवशीचं हाय. बाप गेलेल्या लेकराच्या जिवाला गार वाटंल." उद्धवराव उगीच भज्जीत पाहत राहिले. तिखट नव्हती, तरी त्यांना नाक पुसावं लागलं.

येळवशीला संध्याकाळी शेतात दूध उकळून उतू घालतात, ते झाल्याशिवाय व्यंकटला शेत सोडता येईना. त्यामुळं शटर उघडलं दिवेलागणीला. खोकं मिळालं. खालून गळत होतं.

नांदेडच्या एसटीत एका मांडीवर खोकं, दुसऱ्या मांडीवर किटली. चाकूरच्या पुढं कंडक्टर आला आणि पायाखालचं पाणी बघून थबकला. "काका, काय गळून राहिलं हे? काय हाय ह्याच्यात?"

एकतीस वर्षं हाच प्रश्न उद्धवरावांनी खिडकीच्या आतून विचारला होता. "माल काय आहे ते स्पष्ट बोला," असं ते लोकांवर खेकसत. आता अख्खी एसटी त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"नाशवंत," ते हळूच म्हणाले.

"नाशवंत तं सगळंच हाय, काका," कंडक्टर म्हणाला आणि त्यानं लगेजचं तिकीट फाडलं.

घरी आल्यावर खोकं गच्चीवरच्या जुन्या बाथरूममध्ये ताज्या बर्फात ठेवलं आणि दाराला कुलूप लावलं. आंबिलाच्या किटलीला मात्र फ्रिजमध्ये मानाची जागा मिळाली.

पंचवीसला सकाळी गच्चीवर तीन विटांची चूल मांडली. मंडपवाल्याकडून पातेलं भाड्यानं आणलं होतं. "किती माणसांचा कार्यक्रम?" असं त्यानं विचारलं तेव्हा उद्धवरावांनी "घरचाच" एवढंच सांगितलं होतं. इरा आणि आलोकची गाडी साडेदहाची. त्याआधी शिजायला ठेवायचं, ते येऊन आंघोळी करेपर्यंत तयार.

प्लॅस्टिक सोडलं. आत गुलाबी, गुळगुळीत, बाळसं धरल्यासारखी मांडी. वरच्या कागदावर लिहिलं होतं की हा पदार्थ शिजवलेलाच आहे, शक्यतो रात्रभर पाण्यात ठेवावा आणि नुसता गरम करावा. उद्धवरावांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि जिन्यातून बायकोला ओरडून सांगितलं.

"शिजवलेलं आहे म्हणून पुण्याचा दुकानदार सांगतो, आणि आपण जावयाला तसंच वाढायचं?" सौदामिनीबाई खालून म्हणाल्या. त्या गच्चीच्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहत, त्यापुढं पाऊल टाकत नसत. "विकतचे फुटाणेसुद्धा मी घरी आणून एकदा भाजते."

ही गोष्ट रास्त होती. त्यांच्या घरात दुकानदाराच्या शब्दावर आजवर कुणी काही खाल्लेलं नव्हतं.

"आन् नुसता गरम करून भाकरी कशात चुरायची?" शेजारच्या गच्चीवरून माणिकप्पा म्हणाले. नाकाला उपरणं लावून ते सकाळी सातपासूनच कठड्याला टेकले होते. "रस्सा पाहिजे. काळं तिखट घाला, येसर घाला. आमच्याकडच्या लग्नांत गड्यांसाठी वेगळी चूल असायची, मी लांबून बगितलंय ना सगळं."

तर असे हे तिघं स्वयंपाकी. एकानं कधी मांस शिजवलं नव्हतं, दुसरीनं पायरी ओलांडायची नाही असं ठरवलं होतं, आणि तिसऱ्यानं ते फक्त लांबून पाहिलं होतं. पण मसाला कुणाचंही ऐकत नाही. कांदा-खोबरं भाजलं, काळं तिखट पडलं, वर येसर, म्हणजे ते भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, कालवून ओतलं आणि सगळ्या गल्लीत असा काही वास सुटला की समोरच्या दोन घरांनी खिडक्या उघडल्या. "मटण का, काका?" खालून कुणीतरी विचारलं. "हाव, मटणच!" असं माणिकप्पांनी परस्पर सांगून टाकलं. सात पिढ्यांचा माणूस जावयापायी खोटं बोलला.

मग आला मिठाचा प्रश्न.

"किती घालू?" उद्धवराव मिठाची बरणी घेऊन उभे.

"तीन किलोला पाच मुठी तरी लागतील," पायरीवरून उत्तर आलं. "आधी तीन घाला, मग चाखून बघा."

तिथं सगळं थांबलं. चाखणार कोण? उद्धवरावांनी माणिकप्पांकडं पाहिलं. माणिकप्पांनी उपरणं आणखी वर ओढलं. दोघांनी पायरीकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता?" बाई म्हणाल्या. "तुम्हीच बघा की. नुसता थेंब तळहातावर घ्या."

उद्धवरावांनी पळी उचलली. थेंब तळहातावर घेतला. तोंडापर्यंत नेला. तिथं हात थांबला तो थांबलाच. थेंब निवला, मनगटावरून ओघळला, त्यांनी तो पंच्याला पुसला.

"नाही जमत," ते कसंबसं म्हणाले. स्वतःचीच इतकी चीड त्यांना पार्सल खात्यात कधी आली नव्हती. ज्या माणसानं त्यांची अर्धी भाकरी मागून खाल्ली, त्याच्यासाठी एक थेंब जिभेला लावता येत नाही!

सौदामिनीबाईंना त्यांचं तोंड बघवेना. "अहो, एवढं काय त्यात? नैवेद्याचा स्वयंपाक आपण कधी चाखतो का? पुरणाची आमटी देवापुढं जाईपर्यंत कुणी जिभेला लावत नाही. तीस वर्षं अंदाजानंच मीठ घालते मी. कधी चुकलं का? घाला पाच मुठी आणि हात जोडा."

हे सगळ्यांनाच पटलं. पाच मुठी मीठ पडलं. खारवलेल्या मांडीत पुण्याहून येतानाच किती मीठ आहे, याचा विचार त्या गच्चीवर कुणालाही सुचला नाही. सगळं इतकं सोवळ्यात चाललं होतं.

दुपारी एक वाजता गच्चीवरच चटई अंथरून पानं मांडली. आलोक हातपाय धुऊन आला, पातेल्याकडं पाहिलं आणि उभाच राहिला. "हॅम?" त्यानं इराला हळूच विचारलं. "तुझ्या बाबांनी? स्वतः?"

"स्वतः," उद्धवराव म्हणाले. "बसा, आलोकराव."

झाकण उघडलं. लाल तर्रीत बुडालेली मांडी, वर कोथिंबीर. वसईला असा हॅम कुणी बापजन्मी पाहिला नसेल. आलोकनं पान पुढं ओढलं. वाटीत रस्सा घेतला, भाकरी चुरली, पहिला घास खाल्ला. मग पाणी प्यायला. दुसरा घास खाल्ला, पाणी प्यायला. "छान झालाय, बाबा," असं म्हणून त्यानं तिसऱ्यांदा तांब्या उचलला, तेव्हा इरानं बोट बुडवून चाटलं.

"अगं आई गं! बाबा, मीठ! किती मीठ घातलंय?"

कठड्यापलीकडं माणिकप्पांनी तोंड फिरवलं. उद्धवराव हातातल्या पळीकडं बघत म्हणाले, "चाखलं नाही गं आम्ही कुणी. मला जमलं नाही. लातूरपर्यंत गेलो, चार शेतांत जेवलो, सगळं केलं, आणि एवढं एक जमलं नाही." साठीच्या माणसानं चारचौघांत डोळे पुसणं बरं दिसत नाही, म्हणून ते उगीच चुलीतली लाकडं मागं ओढायला लागले.

इरानं आंबिलाची किटली पुढं केली. आलोक एक पेला घटाघटा प्यायला. मग उठून खाली गेला आणि बॅगेतून एक स्टीलचा डबा घेऊन आला. तो उद्धवरावांच्या समोर ठेवला. झाकणावर कोरलेलं होतं, "सौ. सौदामिनीस, मामाकडून."

पायरीवरून एक हुंकार आला.

"लग्नात राहिला होता तुमचा," आलोक म्हणाला. एकदम एवढं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं तो थांबत थांबत बोलत होता. "पप्पा परत पाठवू देत नव्हते. तुमच्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत, असं इरानं सांगितलं होतं त्यांना. मागच्या नाताळला त्यांनी बटाटे भाजले. नवं भांडं आणून. तुमची दोन वाजेपर्यंत वाट पाहिली. मग आम्ही खाल्ले." त्यानं झाकण काढलं. "हे काल मी भाजलेत. त्याच भांड्यात. त्यात दुसरं काही शिजलेलं नाही आजवर."

आत सालासकट भाजलेले लहान लहान बटाटे होते, मिरपूड लावलेले. उद्धवराव त्यांच्याकडं बघत राहिले. दोन वाजेपर्यंत वाट पाहिली, हे त्यांच्या कानातून जाईना. त्या दिवशी दोन वाजता ते पलंगावर गुडघ्याला बाम चोळत बसले होते. गुडघा अजिबात दुखत नव्हता.

तेवढ्यात पलीकडून माणिकप्पा ओरडले, "अहो साहेब, बटाटे! बटाटा मीठ वडून घेतो! टाका त्यात!"

"काका, ते बाबांचे आहेत," इरा म्हणाली. "वेगळे केलेत मुद्दाम. त्यात टाकले तर ते खातील का?"

उद्धवरावांनी डबा उचलला आणि सगळेच्या सगळे बटाटे पातेल्यात उपडे केले.

"अहो, डबा!" सौदामिनीबाई म्हणाल्या आणि शेवटची पायरी ओलांडून गच्चीत आल्या. डबा उद्धवरावांच्या हातातून घेतला, तो पदरानं पुसला आणि छातीशी धरून तिथंच उभ्या राहिल्या.

दोन तांबे पाणी पडलं, लाकडं पुन्हा आत सरकली. वीस मिनिटं रस्सा उकळत राहिला. सगळे पातेल्याभोवती बसून होते. शेवटी इरा म्हणाली, "आता कुणीतरी मीठ बघा." आणि तिनं पळीसाठी हात पुढं केला.

"थांब," उद्धवराव म्हणाले. त्यांनी पळीनं एक बटाटा काढला, रस्सा गळत असलेला, वाटीत घेतला आणि फुंकर मारून अख्खा तोंडात टाकला. डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, तिखट तसं फार नव्हतं.

"कसा आहे, बाबा?" आलोकनं विचारलं.

"अजून जरासा खारट आहे," उद्धवराव म्हणाले आणि त्यांनी वाटी पुन्हा पुढं केली.